दुसरं नाव

लक्ष्मीपुरीत तराजू दुरुस्त करतो मी.
धान्यबाजारातली निम्मी वजनं
पासिंगच्या शिक्क्याआधी माझ्या हाताखालून जातात.
म्हणून पाठीवरच्या सॅकचं ठरवताना
मला अंदाज चालत नाही.

टूथब्रशचा दांडा कापला : सहा ग्रॅम वाचले.
लोकरी मोजे तीन जोड. गोळ्या, खोकी काढून.
कांदा-लसूण चटणी पाव किलो.
ती कमी करायची नाही, शालननं सांगितलंय,
आणि तिच्यापुढं माझा काटा आजवर कधी बरोबर ठरलेला नाही.

दुकानाचं शटर अर्धं ओढलं की हिंदुराव येतो.
जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्यानं रेघा मारल्यात :
तापलेजुंग, घुन्सा (इथं एक दिवस नुसतं बसायचं),
खांबाचेन, ल्होनाक, मग पांगपेमा,
कांचनजंगेचा उत्तरेकडचा तळ.
मागं फिरून खिंडीवरून दक्षिणेला, ओक्तांगपर्यंत.
बावीस दिवस. वर दोन हवामानाच्या नावानं,
माप भरल्यावर मूठभर जास्त टाकतात तसे.

पाच हजार एकशे त्रेचाळीस मीटर म्हणजे किती रे?
त्यानं पेन कानावर ठेवलं.
नऊ कोल्हापुरं एकावर एक रचायची, म्हणाला,
आणि वर अर्धा पन्हाळा.

हे वेड त्याचं. माझं नव्हे.
दहा वर्षं तो बोलत होता, मी ऐकत होतो,
ऐकता ऐकता कधी हो म्हणालो ते आठवत नाही.
माघात त्याच्या छातीत दोन स्प्रिंगा बसवल्या.
डॉक्टर म्हणाले, पन्हाळ्याला जा, गाडीनं जा.

आता रविवारी पहाटे
गायमुखापासून जोतिबा मी एकटाच चढतो,
पाठीवर पाच-पाच किलोची दोन लोखंडी वजनं.
पायऱ्यांच्या खोबणीत जुना गुलाल असतो,
घाम पडला की जागा होतो.
खाली हिंदुराव स्कूटरला टेकून घड्याळ बघत उभा.
उतरलो की पहिला शब्द :
चार मिनटं जादा. कुठं बसलावतास?

मग काठमांडूहून फुर्बाचा फोन आला.
सरहद्दीजवळचा मुलूख आहे, एकट्याला परवाना नाही,
अर्जावर दोन नावं लागतात.
थांबून, जरा हसून, हिंदीत म्हणाला,
काही लोक दुसऱ्याचे नुसते पैसे भरतात.
दुसरा आला नाही तर डोंगर विचारत नाही.

हिंदुराव बराच वेळ कॅलेंडर बघत राहिला.
बाहेर हमाल शेवटची पोती उतरवत होते.
मर्दा, माझंच नाव घाल की, म्हणाला.
न येण्याचं पैसं मी भरतो.

फोटो काढायला बिंदू चौकात गेलो.
भर वैशाख. रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं,
आणि हा नवं पिसांचं जॅकेट
गळ्यापर्यंत चेन ओढून स्टुलावर बसला.
कानामागून घाम मानेवर, मानेवरून आत.
काढा की ते, स्टुडिओवाला म्हणाला.
राहू दे, हा म्हणाला, तिकडं थंडी असतीया.

काल रात्री सॅक काट्यावर ठेवली :
अकरा किलो चारशे.
अर्जाची प्रत वेगळी, सोनाराच्या छोट्या काट्यावर.
पाच ग्रॅमला जराशी कमी.
दोन्ही नावांसकट.
काच बंद करून पुन्हा पाहिली, वाऱ्यानं चूक होते म्हणून.
तेवढीच.

हिंदुराव जायला उठला, शटरखालून वाकला,
वाकूनच थांबला.
घुन्साचा बसायचा दिवस चुकवू नगंस, म्हणाला,
मला दम लागतो.